एका नंबरावरचे दोन भाऊ

माईच्या पुढच्या खोलीतलं मोठं टेबल खरं तर जेवणाचं. पण बऱ्याच वर्षांपासून त्यावर कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर आणि रबरी शिक्क्यांचा डबा यांनी ठाण मांडलंय, आणि घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवतात. माणसं म्हणजे दोनच. एक माई आणि दुसरे तिचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर. "सरकारने आम्हाला टेबलावरून उठवलं," असं मास्तर आल्यागेल्याला सांगतात. मग माई आतून ओरडते, "सरकारने नाही, माझ्या भावांनी!"

दोघांचंही खरं आहे.

माईला भाऊ दोन. थोरला दादा आणि धाकटा छोट्या. छोट्या आता पन्नाशीला आलाय, दारातून आत शिरताना त्याला जरा तिरकं व्हावं लागतं, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. दोघेही दवाखान्याच्या लोखंडी खाटा बनवतात. कारखाना मूळचा वडिलांचा. ते गेले आणि वर्ष सरायच्या आत दोघांचं बिनसलं. कशावरून ते विचारू नका. माईने पुष्कळदा विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालंय. एकदा तर खाटेच्या पायांना चाकं लावायची की रबरी बुचं, इथून ठिणगी पडली असं निघालं. शेवटी शेडच्या मधोमध भिंत उभी राहिली. नळ्या वाकवायचं यंत्र दादाच्या बाजूला राहिलं, रंगाची भट्टी छोट्याच्या वाट्याला गेली. तेव्हापासून दादा वाकवलेल्या नळ्या रंगवून घ्यायला गावाच्या एका टोकाला पाठवतो आणि छोट्या नळ्या वाकवून घ्यायला दुसऱ्या टोकाला जातो. दोन्ही टेम्पो सकाळी एकाच फाटकातून बाहेर पडतात आणि एक डावीकडे वळतो, एक उजवीकडे.

दोघांची बोलाचाली बंद. दादा म्हणतो, "तो माझा कोणी लागत नाही." छोट्या म्हणतो, "मला भाऊच नाही. एक बहीण आहे तेवढी." फाटकावर दोन पाट्या आहेत. दोन्हींवर वडिलांचंच नाव. एकीवर पुढे 'मूळ' लिहिलंय, दुसरीवर 'अस्सल'. दोन्ही पाट्या मास्तरांनी रंगवल्यात, आणि अक्षराच्या उंचीत सुतभरही फरक पडू दिला नाही. "शाळेत इतकी वर्षं पोरं सांभाळली," ते म्हणतात, "पण एवढा समतोल कधी सांभाळावा लागला नव्हता."

आणि जे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांनी आपापल्या सरकारी नोंदण्यांचं काम दिलं मात्र एकाच माणसाला. माईला. बाहेरच्याला पासवर्ड कसे द्यायचे? माई पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायची. बारीक अक्षर आणि चिकाटी, दोन्ही तिच्याकडे होतं. दादा म्हणाला, "माझं काही त्याला कळता कामा नये." छोट्या म्हणाला, "माझं त्याला कळलं तर बघ." माईने दोघांनाही मान डोलावली.

आता हे नोंदणी प्रकरण काय आहे, ते ज्याला भोगावं लागलं नाही त्याला सांगायला हवं. पूर्वी दवाखान्याला खाट विकायची तर साहेबाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहायचं. आता बाक गेला आणि पोर्टल आलं. आधी पोर्टलवर व्हेंडर म्हणून नाव नोंदवायचं, मग निविदा भरायची, मग वाट बघायची. वाट बघणं तेवढं जुनंच राहिलं. आणि पोर्टल एक नाही. आरोग्य खात्याचं वेगळं, वसतिगृहांचं वेगळं, तुरुंगांचं वेगळं (कैदीही खाटेवरच झोपतात), आणि या सगळ्यांना 'एकत्र आणण्यासाठी' काढलेलं चौथं त्याहून वेगळं. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एकाला कारखान्याचा फोटो दोनशे केबीच्या आत लागतो, दुसऱ्याला दोनशे केबीच्या वर. मास्तर बिचारे एकाच पाटीचा फोटो कधी आवळून, कधी फुगवून देतात. एकाचा पासवर्ड महिन्याला बदलावा लागतो आणि तो आधीच्या बारा पासवर्डांसारखा असून चालत नाही. एक पोर्टल इतकं नाजूक, की माई पाणी प्यायला उठली तरी ते रुसून बाहेर काढतं आणि भरलेली सगळी पानं पुसून टाकतं. एकाने तर संस्थेचं लिंग विचारलं होतं. रकाना सक्तीचा. माईने बराच वेळ विचार करून 'इतर' निवडलं आणि उठून तोंड धुऊन आली.

"अगं, सोडून दे ना," मास्तर अधूनमधून म्हणतात. "बोटं दुखतात, डोळे दुखतात, रोज दुपारी एकटीच बडबडतेस."

"सोडेन," माई म्हणते.

पण सोडवत नाही. त्याचं कारण ती कुणाला सांगत नाही, तरी मास्तरांना ते ठाऊक आहे. आईवडील गेल्यावर माईचं माहेर म्हणून जे उरलंय ते हेच. महिन्यातून एकदा दादा कागद घेऊन येतो, खुर्चीत बसून चहा पितो, वहिनीच्या गुडघ्यांचं सांगतो. महिन्यातून एकदा छोट्या येतो, लेकीच्या परीक्षांचं सांगतो, निघताना उगाच बहिणीच्या डोक्यावर टप्पल मारतो. दोघांचे वार वेगवेगळे ठरलेले. नोंदण्या बंद पडल्या तर या येण्याजाण्याला निमित्त कुठलं राहणार? आणि त्यात तिच्या हातून एखादी चूक झाली, तर दोघेही एकदमच तुटणार. म्हणून ती टेबलाशी बसते. दोन डिजिटल सह्या तिच्यापुढे असतात. डिजिटल सही म्हणजे बोटाएवढी कांडी, ती कॉम्प्युटरला खुपसली की माणसाने सही केली असं सरकार धरून चालतं. दादाच्या कांडीला लाल दोरा, छोट्याच्या कांडीला निळा. दोऱ्यांची अदलाबदल झाल्याची स्वप्नं तिला पडतात.

दोऱ्यांच्या बाबतीत ती कधी चुकली नाही. चुकली ती भलत्याच ठिकाणी.

झालं होतं असं. आरोग्य खात्याचं पोर्टल नवं निघालं, तेव्हा मोबाइल नंबर मागितला. पोर्टलवर काहीही करायचं म्हटलं की त्या नंबरावर ओटीपी येतो, आणि तो दहा मिनिटांत भरला नाही तर मरतो. दादा दुपारी फोन बंद करून झोपतो. छोट्या फोन टेम्पोत विसरतो आणि ओटीपी टेम्पोबरोबर गावभर हिंडतो. दोघांच्या मागे धावून माईच्या तोंडाला फेस आला, तेव्हा तिने साधा सरळ मार्ग काढला. दोन्ही नोंदण्यांवर तिने स्वतःचा नंबर टाकला. छोट्याची नोंदणी त्याच दिवशी पुरी झाली, कारण छोट्या पुढे येईल त्या कागदावर सही करतो. एकदा कुरिअरवाल्याने कागदाखाली धरायला दिलेल्या वर्तमानपत्रावरही त्याने सही ठोकली होती. दादाची नोंदणी मागाहून झाली, कारण दादा वाचल्याशिवाय सही करत नाही. औषधाच्या बाटलीतली घडीची चिठ्ठीही तो दोन्ही बाजूंनी वाचतो. त्याने कागद घरी नेले आणि सावकाश परत आणले.

काही वर्षं काही झालं नाही. आणि मग तो दिवस उगवला.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला जिल्ह्याच्या दवाखान्यांच्या खाटांची निविदा बंद होणार होती. वर्षातली सगळ्यात मोठी. याच निविदेवर दोन्ही कारखान्यांचं वर्ष उभं असतं. भावांनी आपापले दर बंद पाकिटात आणून दिले होते. माई अंघोळ उरकून, चहा घेऊन टेबलाशी बसली आणि रिवाजाप्रमाणे आधी थोरल्याचं म्हणून दादाचं खातं उघडायला गेली.

पडद्यावर आलं: 'ही संस्था स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. कृपया मुख्य संस्थेच्या खात्यातून प्रवेश करावा.'

माईने चष्मा पुसला. पुन्हा तेच. तिने छोट्याचं खातं उघडलं. ते उघडलं. वर छोट्याच्या कारखान्याचं नाव, आणि त्याच्या खाली, जरा आत सरकवून, बारीक अक्षरात लिहिलेलं: 'शाखा क्रमांक दोन'. पुढे दादाचा कारखाना.

"अहो," माई म्हणाली, "जरा इकडे या. आणि येताना पाणी आणा."

मास्तरांनी वाकून वाचलं. "म्हणजे दादा छोट्याची शाखा?"

"हळू बोला."

"घरात कोण आहे ऐकायला?"

"तरी हळू बोला!"

हेल्पडेस्कचा फोन लागायला सकाळ गेली. आधी बाजा वाजत राहिला. मग एक बाई सांगत राहिली, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. माईने फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडली, धुतली, चिरली, फोडणीला टाकली. भाजी शिजली तेव्हा एका तरुण, अतिशय गोड आवाजाने विचारलं, "मी आपली काय मदत करू शकतो?"

माईने सांगितलं. आवाजाने ऐकलं, कळफलक वाजवला, आणि आनंदाने म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. आम्ही दुबार नोंदण्यांची सफाई मोहीम राबवलीय. एक मोबाइल, एक व्हेंडर. आपल्या दोन्ही नोंदण्यांचा मोबाइल एक, ईमेल एक, भूखंड एक, नाव जवळपास एक. त्यामुळे सिस्टीमने त्यांना एकत्र केलं. आधीची नोंदणी मुख्य, नंतरची शाखा."

"पण ते दोन वेगळे कारखाने आहेत हो! मध्ये भिंत आहे!"

"भिंत सिस्टीमला दिसत नाही मॅडम."

"मग वेगळे करा. आज पाचला निविदा बंद होतेय."

"नक्की करू. दोन्ही मालकांनी घोषणापत्र ऑनलाइन द्यायचं. प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. दोघांचं आलं की तासाभरात वेगळे होतील. एकाचंच आलं तर ते रद्द धरतो. मात्र दोघांनी एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी भरलेलं बरं, म्हणजे शंका राहत नाही. आणखी काही मदत करू शकतो का?"

माईने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. इतकी वर्षं ज्या दोघांना एका खोलीत येऊ दिलं नाही, त्यांना आता एका टेबलाशी आणायचं होतं. आणि तेही ते वेगळे आहेत हे सिद्ध करायला.

तिने दोघांनाही फोन केला. दोघांनाही म्हणाली, "ताबडतोब ये, घोळ झालाय." दुसराही येतोय, हे दोघांनाही सांगितलं नाही. मास्तरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"अशा वेळी खरं बोलून चालत नाही," माई म्हणाली.

दादा आधी आला. खुर्चीत बसला, चष्म्याची डबी काढली. तेवढ्यात छोट्या तिरका होऊन दारातून आत आला आणि तसाच तिरका थांबला.

"माई," दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझ्याकडे पाहुणे आलेत. मी नंतर येतो."

"माई," छोट्या पंख्याकडे बघत म्हणाला, "तू एकटी आहेस असं वाटलं मला."

"बसा!" माई म्हणाली. तिचा आवाजच असा लागला, की दादा बसला होता तो पुन्हा बसला, आणि छोट्या सोफ्यावर असा आदळला की सोफ्याने हाय खाल्ली.

तिने सगळं सांगितलं. मग छोट्या हसला. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून. "शाखा! माई, ही शाखा रोज किती वाजता उघडते, विचार ना त्यांना."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. "माई, त्याला सांग, मी कारखान्यात उभा राहिलो तेव्हा हा चड्डीची नाडी बांधायला माझ्याकडे यायचा."

"माई, त्यांना सांग, मुख्य कार्यालयाशी जरा अदबीने बोलायचं."

"माई, हा सगळा तुझा घोळ आहे! तुझा नंबर कोणी टाकायला सांगितला होता?"

"हो ना," छोट्यालाही तेवढ्यापुरता भावाचा मुद्दा पटला. "तुला कोणी सांगितलं होतं, माई?"

माई इतका वेळ उभी होती. ती टेबलाला टेकली आणि तिचा बांध फुटला.

"कोणी सांगितलं होतं? तू दुपारी फोन बंद करून घोरतोस, तो तुझा घोळ नाही! तू टेम्पोत फोन विसरतोस, तो तुझा घोळ नाही! मी आपली इकडचं तिकडे कळू न देता, लाल निळे दोरे बांधून, तुमचे पासवर्ड पाठ करत बसते. आपल्या आईचा वाढदिवस आठवायला मला वेळ लागतो, पण तुमचे बारा बारा पासवर्ड झोपेत म्हणून दाखवीन. त्याला सांग, ह्याला सांग! मी काय तुमची हेल्पडेस्क आहे? आपला कॉल महत्त्वाचा आहे, लाइनवर थांबा! आज एवढं घोषणापत्र भरा, वेगळे व्हा, आणि मग आपापली टेबलं बघा. मी थकले."

शेवटचं वाक्य ती ओरडून बोलली नाही, म्हणून दोघे चपापले. छोट्याने पंख्यावरून नजर काढली. दादाने चष्मा चढवला.

"आण कुठाय ते," दादा म्हणाला.

घोषणापत्र उघडलं. छोट्याचा फोन, नवल म्हणजे, खिशातच होता. ओटीपी आला, माईने पानावर बोट ठेवून दाखवलं, छोट्याने खटाखट आकडे भरले आणि 'सहमत' दाबलं. वाचण्याचा प्रश्नच नव्हता. "झालं. सुटलो," तो म्हणाला.

मग दादाची पाळी. दादाचा फोन बंद होता. तो चालू झाला, त्याने सावकाश गाणं वाजवलं, कंपनीचं चित्र दाखवलं, मग ओटीपी आला. माईने खुर्ची पुढे ओढून दिली. दादा पडद्याशी नाक नेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.

"दादा, दहाच मिनिटं असतात हां."

"वाचू दे."

खोलीत घड्याळ वाजत होतं. मास्तरांनी चहा आणला, तो तसाच राहिला. दादा संस्थेचं नाव, पत्ता, कलमं, पोटकलमं वाचत खाली खाली आला आणि एका ओळीशी थांबला. मग ती त्याने मोठ्याने वाचली, शाळेत धडा वाचावा तशी.

"'मी सत्यप्रतिज्ञेवर घोषित करतो की, उपरोक्त दुसऱ्या संस्थेच्या मालकाशी माझे रक्ताचे, विवाहाचे अथवा व्यवहाराचे कोणतेही नाते नाही व कधीही नव्हते.'"

छोट्या सोफ्यावरून पुढे झाला. "हे कुठे लिहिलंय?"

दादाने मानेनेच पडदा दाखवला.

"माई, हे त्यात होतं?"

"होतं."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तुला वाचता येतं, छोट्या."

दादा पडद्याकडेच बघत होता. त्याचं बोट कळफलकाच्या वर थांबलं होतं, तापलेल्या तव्यावर थांबावं तसं. हेच वाक्य दादा इतकी वर्षं बोलत आलाय. कारखान्यात बोललाय, पुतणीचं बारसं झालं तेव्हा बोललाय, याच खुर्चीत बसून चहाच्या घोटागणिक बोललाय. दाबून टाक एकदाचं आणि मला मोकळं कर, असं माईला ओरडावंसं वाटलं. आणि त्याने दाबू नये, असंही तितकंच वाटलं. या दोन्हींच्या मध्ये ती पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"'व कधीही नव्हते'," दादाने शेवटचे शब्द पुन्हा वाचले. मग खाली बघून म्हणाला, "आणि इथे लिहिलंय, खोटी घोषणा केल्यास काळ्या यादीत टाकण्यात येईल."

"मग?" माईने विचारलं.

"मग काय मग? वडलांचं नाव दोघांच्या कागदावर एकच आहे. उद्या कोणी तपासलं तर? मला काळ्या यादीत जायचं नाही." त्याने चष्मा काढला. "आणि मी काय म्हणायचं ते मी म्हणेन. सरकारला लिहून द्यायचं काय कारण?"

फोनने बारीक आवाज केला. ओटीपी मेला होता.

"दुसरा मागवू?" माईने विचारलं.

"नको."

छोट्या उठून खिडकीशी गेला आणि बाहेर काहीही नसताना बराच वेळ बघत राहिला. मास्तरांनी त्याच्या हातात थंड झालेला चहा दिला, तो त्याने गरम असल्यासारखा फुंकून प्यायला.

"म्हणजे आता," मास्तर हळूच म्हणाले, "निविदा कशी भरायची?"

हा प्रश्न खराच होता. घड्याळात चार वाजून गेले होते. वेगळं व्हायची वाट बंद झाली होती. राहिली होती एकच. मुख्य संस्था आणि शाखा क्रमांक दोन मिळून एकच निविदा.

"माई, त्याला विचार," दादा भिंतीला म्हणाला, "रंगाला त्याला काय पडतं?"

"माई, त्यांना सांग, माझीच भट्टी आहे, मला काय पडणार? वाकवायलाच बाहेर द्यावं लागतं."

"वाकवायला बाहेर कशाला? माझ्याकडे यंत्र गंजतंय ते काय..."

"मग रंगवायला तरी त्या टोकाला कशाला जायचं?"

माई मध्ये तोंड घालायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की तिला कोणी काही सांगायला सांगितलेलं नाही. ती गप्प बसली. दोन्ही पाकिटं फोडली गेली. दादाने टाचणीने, छोट्याने दाताने. आणि भांडण सुरू झालं. चाकं की रबरी बुचं? इतक्या वर्षांनंतर तोच वाद, त्याच शब्दांत, तिथूनच पुढे. दादा म्हणे बुचं, छोट्या म्हणे चाकं. माईने निविदेच्या अटी उघडून दाखवल्या. खात्याला दोन पायांना चाकं आणि दोन पायांना बुचं हवी होती.

"हे कोणी ठरवलं?" दादा म्हणाला.

"गाढवाने," छोट्या म्हणाला. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं.

सगळं भरून झालं तेव्हा पाच वाजायला थोडा वेळ होता. आता शेवटची पायरी, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायची. पडद्यावर धुरकट चित्राचे चौकोन आले आणि हुकूम आला: बस असलेले सर्व चौकोन निवडा.

माईने निवडले. चूक. पुन्हा निवडले. चूक.

"तो कोपऱ्यातला घेतला नाहीस," छोट्या तिच्या खांद्यावरून म्हणाला.

"ती बस नाही, ट्रक आहे," दादा दुसऱ्या खांद्यावरून म्हणाला.

"बस आहे, दादा. खिडक्या दिसतायत."

"खिडक्या काय, ते फळकुट आहे. तुला लहानपणीही लांबचं दिसायचं नाही."

"मला? तू त्या दिवशी टेम्पो समजून पाण्याच्या टँकरला हात केलास!"

"तुला कसं माहीत?"

"मागे मीच होतो टेम्पोत!"

"अरे, पण काय निवडू?" माई किंचाळली.

मास्तर तोवर पाठीमागे येऊन उभे राहिले होते. चित्रकलेचा माणूस. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बसचा आरसा आहे तो. नुसता आरसा. घ्या." माईने घेतला. हिरवी खूण आली. तिने लाल दोऱ्याची कांडी लावली, काढली, निळ्या दोऱ्याची लावली, काढली. तिच्या फोनवर ओटीपी आला, तो तिने भरला, आणि गोल गोल फिरणारं चाक बराच वेळ फिरून थांबलं. निविदा दाखल झाली होती. पाच वाजायला अगदी थोडं उरलं होतं.

माईने डोळे मिटले आणि खुर्चीत मान मागे टाकली. म्हणून वर आलेली नवी पट्टी तिला दिसली नाही. ती दादाने वाचली.

"'तांत्रिक कारणास्तव सदर निविदेस पंधरा दिवसांची मुदतवाढ देण्यात येत आहे.'"

कुणाचाच थोडा वेळ विश्वास बसला नाही. मग माईने टेबलावर असा हात आपटला की शिक्क्यांचा डबा उडाला. "सकाळपासून! सकाळपासून मी रक्त आटवतेय! आणि यांना पाच वाजता तांत्रिक कारण आठवतं?"

"म्हणजे आता," छोट्या कोणाकडेही न बघता म्हणाला, "वेगळं व्हायला पंधरा दिवस आहेत."

दादाने पुन्हा चष्मा चढवला आणि मुदतवाढीची सूचना पहिल्यापासून शेवटच्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यापर्यंत वाचली.

"यात लिहिलंय," दादा म्हणाला, "आधी दाखल झालेल्या निविदा ग्राह्य धरण्यात येतील."

"मग?"

"मग काही नाही. ते ग्राह्य धरतायत तर धरू दे की. मी त्या बसमध्ये पुन्हा बसणार नाही."

तो उठला, टेबलावरची चष्म्याची डबी चाचपडून घेतली. छोट्या आधीच दारात होता. "वाकवायच्या नळ्या उद्या पाठवतो," तो म्हणाला. "भिंतीला वळसा घालून आणाव्या लागतील."

"वळसाच घाल. भिंतीला हात लावायचा नाही."

"कोण लावतंय?"

दोघे जिन्यावरून उतरताना अजून बस की ट्रक यावर वाजत होतं. माईने कान देऊन ऐकलं. आवाज रस्त्यापर्यंत एकत्र गेले आणि तिथेही बराच वेळ थांबले.

दोघांना पोचवून मास्तर आत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. "एकच नोंदणी उरली म्हणजे निम्मं काम कमी झालं. आज टेबलावर जेवू या?" असं म्हणून त्यांनी स्कॅनर उचललाही होता.

तेवढ्यात माईचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा. तिने एकेक संदेश वाचला. वसतिगृहांचं पोर्टल, तुरुंगांचं पोर्टल, आणि सगळ्यांना एकत्र आणणारं चौथं. तिघांचं म्हणणं एकच: आपल्या संस्थेची माहिती आरोग्य खात्याकडील माहितीशी जुळत नाही, सबब आपली नोंदणी स्थगित करण्यात येत आहे.

"ठेवा तो स्कॅनर जागेवर," माई म्हणाली.

"आता काय झालं?"

"माझे भाऊ एक झाले म्हणून तीन खात्यांना कळवायचंय. वेगळे होते तेव्हा एवढा त्रास नव्हता." तिने खुर्ची पुढे ओढली. "पाटीचा फोटो पुन्हा काढावा लागेल. दोन्ही पाट्या एकाच चित्रात. दोनशे केबीच्या आत."

मास्तरांनी स्कॅनर ठेवला. "मूळ आधी की अस्सल आधी?"

माईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले आणि दोन ताटं वाढून घेऊन आले. एक त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. दुसरं कुठे ठेवावं हे त्यांना कळेना, कारण माईच्या मांडीवर आता कळफलक होता.